बाळाचं हृदय आणि रक्ताचा एक थेंब

(आशाताई, अंगणवाडी सेविका, मंडळीतील भगिनी आणि संस्थेच्या समितीचे सभासद यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आजचा विषय जरा जड आहे. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या हृदयात काही दोष असेल, तर तो रक्त तपासून कळतो का? मी डॉक्टर नाही. धर्मशास्त्राची पदविका आणि सातपुड्याच्या पाड्यांवरची पायपीट एवढंच माझं शिक्षण. पण हा प्रश्न आता आपल्या दारात आला आहे, म्हणून बोलावं लागतंय. एका कुटुंबाने आपल्या संस्थेला रक्त तपासणारं एक लहान यंत्र देऊ केलं आहे. त्यांच्या घरातलं एक लेकरू तान्हं असतानाच हृदयाच्या दोषाने गेलं. त्याच्या आठवणीसाठी ही देणगी. त्यांची इच्छा अशी की यंत्र जीपमध्ये घालून पाड्यापाड्यावर न्यावं आणि प्रत्येक नवजात बाळाचं रक्त तपासावं. समितीला याच महिन्यात उत्तर द्यायचं आहे. मी म्हटलं, ज्या बाया रोज ही बाळं हातात घेतात, त्यांच्यापुढे आधी विषय ठेवू या. समितीने मानलं, म्हणून आज आपण बसलो आहोत.

माझं मत मी लपवणार नाही. पण ते सांगण्याआधी हे प्रकरण काय आहे ते नीट समजून घेऊ.

दर हजार बाळांमागे साधारण आठ-नऊ बाळं हृदयात काही ना काही दोष घेऊन जन्माला येतात. कोणाच्या हृदयाच्या पडद्याला छिद्र असतं, कोणाची मोठी रक्तवाहिनी एका जागी आवळलेली असते, कोणाच्या वाहिन्या उलटसुलट जोडलेल्या असतात. यातल्या पुष्कळ बाळांना लगेच काही होत नाही, आणि काही छिद्रं तर आपोआप बुजतात. पण साधारण चौथा हिस्सा असा असतो की पहिल्या वर्षातच, कधी पहिल्या आठवड्यातच, काही केलं नाही तर बाळ हातचं जातं. एका तालुक्यात वर्षाला दोन-तीन हजार बाळंतपणं होतात असं धरा आणि हिशोब करा. ही बाळं आपल्याच गावांत आहेत. फक्त ती आपल्या वहीत ‘निमोनिया’, ‘अशक्त’, ‘वजन वाढत नाही’ किंवा ‘अचानक मृत्यू’ अशा नावांनी लिहिलेली असतात.

अचानक का? तर पोटात असताना बाळाची फुफ्फुसं कामाला लागलेली नसतात. श्वास आई घेते. म्हणून बाळाच्या रक्तासाठी फुफ्फुसांना वळसा घालून जाणारी एक आडवाट असते, एक छोटी नळी. बाळ जन्मलं, रडलं, फुफ्फुसं उघडली, की त्या नळीचं काम संपतं आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत ती मिटत जाते. निरोगी बाळाला याचा पत्ताही लागत नाही. पण ज्याची मुख्य वाट जन्मतःच आवळलेली आहे, ते बाळ त्या आडवाटेवरच जगत असतं. पहिल्या दिवशी गुलाबी दिसतं, रडतं, अंगावर पितं. सिस्टर तपासून सुट्टी देतात, त्यांचंही चुकत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आडवाट मिटते आणि बाळ राखेच्या रंगाचं होतं.

अशी एक मुलगी मी पाहिली आहे. धडगावच्या वरच्या अंगाला, रस्ता संपतो तिथून पुढे दीड तास चालायचा पाडा. दवाखान्यातच जन्मली होती, वजन पावणेतीन किलो, दुसऱ्या दिवशी घरी आणली. चौथ्या दिवशी सकाळी तिने दूध तोंडात धरलं नाही. आजी म्हणाली, पाय गार लागतात. दुपारपर्यंत श्वास असा चालू लागला की पोट भात्यासारखं उडत होतं. पोट उडतं म्हणून शेजारचा एक म्हातारा तिला डागायला सांगत होता. तिच्या बापाने नकार दिला, तिला झोळीत घेतलं आणि तो चालत सुटला. गाडीपर्यंत पोचेतो ती गेली. काय झालं होतं, ते कोणी तपासलं नाही. कागदावर दोन शब्द लिहिले गेले आणि तिच्या आईला गावाने तिसराच शब्द दिला. त्याबद्दल पुढे बोलते.

तेव्हा प्रश्न हा की अशा बाळाचा दोष पहिल्या तीन दिवसांत ओळखायचा कसा? गर्भातच सोनोग्राफीत दिसू शकतो, पण त्यासाठी नजर बसलेला डॉक्टर लागतो. जन्मल्यावर टू-डी इको केली की दिसतो, पण प्रत्येक बाळाची इको आपल्या जिल्ह्यात कोण करणार? म्हणून जगभर लोक साधी, स्वस्त खूण शोधत आहेत. रक्तातली खूण हा त्याच शोधाचा एक भाग.

१९८८ साली जपानच्या संशोधकांना डुकराच्या मेंदूत एक पदार्थ सापडला. मेंदूत सापडला म्हणून त्याच्या नावातही मेंदू आला, आणि संक्षेपाने त्याला बीएनपी म्हणू लागले. पुढे लक्षात आलं की हा पदार्थ मुख्यतः तयार होतो हृदयात, खालच्या कप्प्यांच्या भिंतीत. नाव मात्र मेंदूचंच राहिलं. हृदयाच्या भिंतीवर ताण आला, कप्पा फुगला, की स्नायू हा पदार्थ रक्तात सोडतो. त्याचं काम रक्तवाहिन्या सैल करणं आणि मूत्रपिंडांना सांगणं की मीठ-पाणी बाहेर टाका, माझ्यावरचं ओझं कमी करा. तो बनताना त्याचे दोन तुकडे होतात. एक काम करतो आणि लवकर संपतो. दुसऱ्याला काही काम नसतं, पण तो रक्तात जास्त वेळ टिकतो. त्याचं नाव एनटी-प्रो-बीएनपी. तपासणीत बहुधा हाच मोजतात. हृदयविकाराच्या मोठ्या माणसांची ही तपासणी शहरात रोज होते. दम लागलेल्या मोठ्या माणसाचा आकडा ३०० च्या खाली असेल, तर डॉक्टर बहुधा म्हणतात की हा दम हृदय अचानक थकल्यामुळे नाही, दुसरीकडे बघा.

आपल्या भाषेत सांगायचं तर घाट चढणाऱ्या बैलाच्या तोंडाला फेस येतो, तशी ही खूण आहे. फेस दिसला की बैलावर ताण आहे हे कळतं. पण चाक मोडलंय, ओझं जास्त झालंय की चढच उभा आहे, ते फेस सांगत नाही. ते पाहायला खाली उतरून गाडीखाली वाकावं लागतं. हृदयाच्या बाबतीत ते वाकून पाहणं म्हणजे इको.

दुसरी एक खूण म्हणजे ट्रोपोनिन. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ती रक्तात येते, मोठ्यांना झटका आला की हीच बघतात. पण जन्मताना गुदमरलेल्या बाळातही ती वाढते आणि निरोगी नवजात बाळातही मोठ्या माणसापेक्षा जास्त असू शकते. म्हणून जन्मजात दोष ओळखायला तिचा उपयोग कमी. तिच्यावर आज वेळ घालवत नाही.

आता खरा गुंता. निरोगी नवजात बाळाचा एनटी-प्रो-बीएनपीचा आकडा पहिल्या दोन दिवसांत हजारांत असतो, कधी दहा-बारा हजारांपर्यंतही जातो! त्यात आजार काही नाही. पोटातून बाहेर येणं हाच हृदयासाठी मोठा घाट आहे. फुफ्फुसं उघडतात, रक्ताच्या वाटा बदलतात, ताण येतो, आणि मग दिवसागणिक आकडा उतरत जातो. महिन्याच्या पुढच्या निरोगी बाळात तो बहुधा काही शेकड्यांवर आलेला असतो. म्हणजे तोच सहा हजारांचा आकडा दुसऱ्या दिवशी काही सांगत नाही, आणि दोन महिन्यांच्या बाळात आला तर घरातल्यांना त्याच दिवशी गाडीत बसवावं लागतं. बाळ किती दिवसांचं आहे हे लिहिल्याशिवाय हा आकडा वाचूच नये. आपल्याकडे जन्मतारीख विचारली की ‘होळीच्या आधी’ असं उत्तर येतं, हेही तुम्हाला माहीत आहे.

त्यात आणखी भर आहे. दिवस पुरे होण्याआधी जन्मलेलं बाळ, रक्तात जंतू पसरलेलं बाळ, फुफ्फुसांचा दाब न उतरलेलं बाळ, मूत्रपिंड नीट न चालणारं बाळ, यांचाही आकडा हृदयात दोष नसताना वाढतो. आणि उलटही होतं. पडद्याला मोठं छिद्र असलेल्या बाळाचा आकडा पहिल्या आठवड्यात फारसा वेगळा नसू शकतो. कारण फुफ्फुसांतला दाब तेव्हा अजून उतरलेला नसतो, छिद्रातून फार रक्त पलीकडे जात नाही. चार-सहा आठवड्यांनी दाब उतरतो, फुफ्फुसांत रक्ताचा लोंढा सुरू होतो आणि बाळाला दम लागतो.

स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या डॉक्टरांनी यावर चांगलं काम केलं आहे. त्या देशात प्रत्येक बाळाच्या रक्ताचे काही थेंब घेऊन खास कागदावर वाळवतात. ही पद्धत १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या रॉबर्ट गथ्री नावाच्या डॉक्टरने एका वेगळ्या जन्मजात आजारासाठी सुरू केली. आपल्या भागात सिकलसेलसाठी बोटातून थेंब घेतात, त्याच जातीची गोष्ट. लुंडच्या डॉक्टरांनी हृदयदोष असलेल्या आणि निरोगी अशा तीनशेहून थोड्या अधिक बाळांच्या वाळलेल्या थेंबांतून हा पदार्थ फार बारकाईने मोजला. २०२० साली त्यांनी सांगितलं की दोष असलेल्या बाळांत तो ठळकपणे जास्त होता. सुट्टी मिळेपर्यंत ज्यांचा दोष कोणाला दिसला नव्हता, अशा बाळांतही. म्हणजे आपल्या धडगावकडच्या त्या मुलीसारखी बाळं. मी हे वाचलं तेव्हा माझ्यासमोर तीच आली.

पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, त्यांनी कोणत्या बाळात दोष आहे हे आधी ठाऊक असताना मागे वळून पाहिलं. सगळ्या गावाची बाळं तपासून दोष शोधणं हे त्याच्यापुढचं काम आहे. दुसरी, तिथे थेंब घेतात तो ४८ तास उलटल्यावर, अतिशय बारीक मोजणाऱ्या प्रयोगशाळेसाठी, आणि आकडा वाढलेला दिसला तर बाळ इकोपर्यंत पोचवायला रस्ता, गाडी, डॉक्टर तयार असतो. आपल्याकडे बाळंतीण दुसऱ्याच दिवशी घरी जायची घाई करते. मागे घरात दोन लेकरं असतात, कोंबड्या असतात, नवरा ऊसतोडीला गेलेला असतो. तिला दोष देऊ नका.

मग आपल्यासाठी हे सारं निरुपयोगी आहे का? नाही. आणि इथे मला दुसऱ्या बाळाची गोष्ट सांगायची आहे.

हा मुलगा. जन्मताना दोन किलो नऊशे ग्रॅम. सात आठवड्यांचा झाला तेव्हा तीन किलो शंभर. या काळात त्याला दोनदा ‘निमोनिया’ झाला, दोनदा एका खासगी दवाखान्यात इंजेक्शनं झाली, आईच्या कानातले गहाण पडले. त्या पाड्याच्या आशाताई आज इथे बसल्या आहेत, नाव घेतलेलं त्यांना आवडणार नाही. त्या घरभेटीला गेल्या. घरभेटीत आपण काय करतो? वजन, ताप, श्वास. त्यांनी ते सारं केलं, पण आणखी अर्धा तास तिथेच बसून राहिल्या आणि बाळ पिताना पाहिलं. बाळ दोन घोट प्यायचं, सोडायचं, दम खायचं, परत धरायचं. आणि पिताना त्याच्या कपाळावर घामाचे थेंब येत होते. जानेवारीचा महिना, अंगणात शेकोटी पेटलेली. ताई मला फोनवर म्हणाल्या, “बाई, निमोनियाच्या बाळाला थंडीत घाम कशाला येईल?”

मिशनच्या दवाखान्यातल्या बालरोगतज्ज्ञांनी त्याला तपासलं. छातीत घरघर होती, श्वास मिनिटाला सत्तरच्या पुढे, यकृत मोठं लागत होतं. आवाजाने बाळ इतकं रडत होतं की हृदयाचे ठोके नीट ऐकू येईनात. तिथे इको नव्हती, इकोचे डॉक्टर दुसऱ्या जिल्ह्यात. त्यांनी रक्त घेतलं. एनटी-प्रो-बीएनपी अकरा हजारांवर आला. सात आठवड्यांच्या बाळात! डॉक्टर म्हणाले, हा नुसता निमोनिया असता तर इतका वर गेला नसता, इथे हृदय ओढतंय. त्याच संध्याकाळी पाणी उतरवायचं औषध सुरू झालं, आणि पत्र घेऊन दुसऱ्या दिवशी आम्ही इकोला निघालो. पडद्याला मोठं छिद्र निघालं. पुढे शासनाच्या योजनेतून शहरातल्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. आता तो अंगणवाडीत जातो आणि सेविकाताईंच्या म्हणण्याप्रमाणे खिचडीवरून भांडतो.

त्या रक्ताने काय केलं, ते नीट पाहा. त्याने दोष शोधला नाही. दोषाचा संशय एका बाईच्या नजरेने घेतला होता. रक्ताने ‘फुफ्फुस की हृदय’ या वादात हृदयाच्या बाजूने साक्ष दिली, आणि त्या साक्षीमुळे चार दिवस वाट न पाहता दुसऱ्याच सकाळी गाडी निघाली. घरातल्यांनाही तो आकडा उपयोगी पडला. बाप शहरात जायला तयार नव्हता. मागे एकाला नेलं होतं, तो परत आला नाही, असं म्हणत होता. डॉक्टरांनी कागदावर दोन आकडे लिहून दाखवले, एवढा असायला हवा, एवढा आहे. बाप शाळेत गेलेला नाही, पण बाजारात तूर विकणाऱ्या माणसाला शंभर आणि अकरा हजार यातला फरक कळतो.

आता नवजात बाळांच्या पहिल्या तपासणीकडे येऊ. त्यासाठी रक्त न काढता चालणारी गोष्ट आपल्या हाताशी आहे. करोनात तुम्ही सगळ्यांनी बोटाला लावलेला तो पल्स ऑक्सिमीटर. बाळासाठी त्याचा वेगळा मऊ पट्टा मिळतो, मोठ्यांचा चिमटा चालत नाही. २४ तास उलटल्यावर बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला लावायचा. दोन्हीकडे ९५ किंवा जास्त, आणि दोहोंत फरक ३ किंवा कमी, तर ठीक. कुठेही ९० च्या खाली, तर थांबायचं नाही, लगेच डॉक्टर. मधलं काही आलं तर तासाने पुन्हा एकदा. उजवाच हात का, तर त्याचं रक्त हृदयातून निघून त्या आडवाटेच्या आधी फुटतं. पायाचं नंतर. दोहोंत फरक दिसला म्हणजे आडवाटेचं रक्त खाली मिसळतंय.

२०१२ साली लॅन्सेटमध्ये सव्वादोन लाखांहून जास्त बाळांच्या अभ्यासांचा एकत्र हिशोब छापून आला. गंभीर दोष असलेल्या दर चार बाळांपैकी साधारण तीन या पद्धतीने सापडतात, आणि निरोगी बाळाला उगाच दोषी ठरवण्याचं प्रमाण फारच कमी. चौथं बाळ मात्र निसटतं. विशेषतः ज्याची मोठी वाहिनी खाली आवळलेली असते ते. त्याचा प्राणवायू चांगला दिसतो. मोठ्या माणसांत असंही दिसून आलं आहे की काळ्या-सावळ्या कातडीवर हे यंत्र कधी कधी खरा आकडा असतो त्यापेक्षा जरा जास्त दाखवतं. म्हणून आकडा बरा आला तरी बाळाचे पाय गार आहेत का, मांडीच्या घडीतली नाडी लागते का, जीभ निळी आहे का, हे बघायचंच. निसटलेल्या त्या चौथ्या बाळासाठीच रक्ताच्या खुणेवर लोक इतकी मेहनत घेत आहेत, आणि ती फळाला यावी असं मला मनापासून वाटतं.

सरकारी बाजूही माहीत असू द्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत सुरू झाला तो आपल्या राज्यातल्याच पालघरला, आदिवासी भागात. त्यातल्या आजारांच्या यादीत जन्मजात हृदयदोष आहे. म्हणजे तपासणी आणि शस्त्रक्रिया हा त्या बाळाचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नाही. आणि घरी जाऊन नवजात बाळ पाहायची जी पद्धत तुम्ही चालवता, ती गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना शिकवून उभी केली. १९९९ मध्ये त्यांनी दाखवलं की त्या गावांत नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. त्या बायांच्या हातात वजनकाटा होता, घड्याळ होतं, आणि पुन्हा पुन्हा त्याच घरी जायची शिस्त होती.

आता तो तिसरा शब्द. धडगावकडच्या त्या मुलीच्या आईला गावाने ‘डाकीण’ म्हटलं नाही, देवाची कृपा, पण ‘हिच्या पायगुणाने’ म्हटलं. आपल्या मंडळीतल्याही एका बाईने तिला विचारलं की घरात कोणतं पाप लपवलं आहेस. हे मी इथे मुद्दाम बोलते आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता, पाप कोणाचं, याचं की आईबापाचं? प्रभूने तो प्रश्नच नाकारला आणि त्या माणसाकडे वळला. बहुतेक हृदयदोषांना एक असं कारण सापडतच नाही. आईला गरोदरपणात काबूत नसलेली साखर, सुरुवातीच्या महिन्यांत रुबेला, दारू, काही औषधं, जवळच्या नात्यातलं लग्न यांनी धोका वाढतो हे खरं. पण बाळाचं हृदय पहिल्या दोन महिन्यांतच घडतं, पुष्कळ बायकांना तोवर दिवस गेल्याचंही ठाऊक नसतं. तिला ग्रहणात सुई धरली का, असं विचारणाऱ्याला घरातून बाहेर बसवा.

रक्त घेण्याबद्दलही थोडं. आपल्या लोकांचा प्रश्न असतो, माझं रक्त कुठे नेता? हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. रक्त कशासाठी, किती, कोण तपासणार, उरलेल्याचं काय करणार, हे आईला तिच्या बोलीत सांगितल्याशिवाय टाच धरू नये. ‘नको’ म्हणाली तर पुन्हा जाऊन बसावं, रेशनकार्डाची भीती घालू नये. आणि टोचायचं तर टाचेच्या कडेला, मधोमध नाही, बाळ आईच्या अंगावर पीत असताना. रडणं कमी होतं.

तर यंत्राचं काय. माझं मत असं. देणगी आदराने घ्यावी, पण जीपमध्ये घालू नये. पाड्यावर, पहिल्या-दुसऱ्या दिवशी, जन्मवेळ नीट ठाऊक नसताना काढलेला आकडा बहुतेक घरांत उगाच भीती पेरेल. दहा निरोगी बाळांना आपण शंभर किलोमीटरवर पाठवू, दहाही परत येतील, आणि अकराव्या वेळी खरी गरज असेल तेव्हा कोणी निघणार नाही. शिवाय या चाचणीच्या पट्ट्या महाग असतात, त्यांना मुदत असते, बऱ्याचदा फ्रिज लागतो. आपल्याकडे वीज आठवड्यातून किती वेळा जाते ते सांगायला नको. ते यंत्र दवाखान्यात बालरोगतज्ज्ञांच्या हाताखाली ठेवावं. दोनदा निमोनिया झालेलं, पिताना घामाघूम होणारं, वजन न धरणारं बाळ आलं की तिथे ते वापरावं. तिथे ते सोनं आहे.

आणि त्या कुटुंबाला मी एक विनंती करू इच्छिते. त्यांनी देऊ केलेल्या रकमेतला एक भाग इकोपर्यंतच्या भाड्यासाठी, आईच्या जेवणासाठी आणि सोबत जाणाऱ्या माणसाच्या बुडालेल्या मजुरीसाठी राखून ठेवू द्यावा. १०८ गाडी येते, पण ती इकोच्या तारखेला दुसऱ्या जिल्ह्यात नेऊन परत आणत नाही. त्या मुलाच्या वेळी भाडं कोणी दिलं ठाऊक आहे? आशाताईंनी, स्वतःच्या मोबदल्यातून, मोबदला तीन महिने थकलेला असताना. हे परत होऊ नये. समितीतल्या एका भावांनी सकाळी मला विचारलं की भाड्याच्या पावतीवर त्या लेकराचं नाव कसं कोरणार. प्रश्न योग्य आहे. कुटुंबाला पत्र मीच लिहीन, आणि त्या लेकराबद्दल आधी विचारीन, पैशांबद्दल नंतर.

समितीचा निर्णय येत्या बैठकीत होईल. ज्यांचं मत वेगळं असेल त्यांनी उठून बोलावं, चहा झाल्यावर कोपऱ्यात नको.

बाळांसाठीचे मऊ पट्टे असलेले दोन ऑक्सिमीटर आपण आधीच मागवले होते, ते कालच आले. जेवणानंतर ओसरीवर सराव आहे. तीन बाळंतिणी आपली बाळं घेऊन येणार आहेत, त्यांची परवानगी घेतली आहे. हात साबणाने धुऊन या, बांगड्या वर सारा. बाळ पिऊन शांत झालं की आधी उजवा हात, मग पाय. आकडा स्थिर होईपर्यंत कोणी बोलायचं नाही.